जाळीवरच्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुने स्टीलचे भांडे आहे. वर झाकण, मध्ये जाळी आणि पोटात तळणीचे उरलेले तेल, असा माझा थाट. उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात सिंधी दुकानदाराने मला मालिनीताईंच्या हाती दिले. "ले जाओ भाभी, जिंदगीभर चलेगा," तो म्हणाला. तेव्हापासून बदलापुरात, बेलवलीतल्या त्यांच्या घरी मी ओट्यावर मानाने बसत असे. पुऱ्या, अळूवड्या तळून झाल्या की उरलेले तेल माझ्यात गाळायचे आणि दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीला तेच वापरायचे.

एके दिवशी मालिनीताईंचे यजमान विष्णुपंत मोबाइलवर एक व्हिडिओ बघून ताडकन उठले. बियांच्या तेलाने म्हणे बीपी, साखर, हृदयविकार, सगळे होते! त्यांना बीपी होताच. त्यांनी सूर्यफूल तेलाची पिशवी हद्दपार केली आणि घाण्याचे शेंगदाणा तेल आणले.

मुलगा पुष्कर हसला. "बाबा, शेंगदाणा पण बीच आहे ना? आपल्या डॉक्टरांना तरी विचारा."

"गप रे! मोठा आला शहाणा," विष्णुपंत कडाडले.

या भांडणात मी मात्र रिकामे झाले. तळणीचे तेल पुन्हा वापरणेही बंद झाले आणि मला घासूनपुसून खालच्या खणात ढकलले. वाईट वाटले, पण करते काय?

काही दिवसांनी माझे झाकण हळूच उघडले. टिण्! जाळीवर ओली गोळी पडली. बीपीची गोळी! मी हादरलेच. मालिनीताई रोज हातावर गोळी ठेवत, पंत ती तोंडात धरत आणि बाईंची पाठ वळली की माझ्यात टाकत. फोनवर मित्राला सांगत होते, "शिवराम, तेल बदललं, रोगाचं मूळच गेलं. आता गोळ्या कशाला?"

मग एका सकाळी चहाचा कप पंतांच्या हातातून सुटला. तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. त्यांना तातडीने दवाखान्यात नेले.

"आई, डॉक्टर विचारतायत, गोळ्या बंद होत्या का?" घरी आलेल्या पुष्करने विचारले.

"माझ्या हातानं देते रे रोज!"

दवाखान्यात डबा न्यायला भांडे शोधताना मालिनीताईंनी खण उपसला. मी कलंडले, झाकण उडाले आणि फरशीभर गोळ्या विखुरल्या. मालिनीताई एकेक गोळी वेचू लागल्या. "अहो, मला फसवलंत?" एवढेच त्या पुटपुटल्या.

पंत घरी आले आहेत. उजवा हात अजून उचलत नाही. मालिनीताई गोळी जिभेवर ठेवतात, पाणी पाजतात आणि म्हणतात, "आ करा. जीभ वर." कारखान्यात माणसांना दरडावणारे विष्णुपंत निमूटपणे आ करतात.

मित्रांनो, कोणते तेल चांगले यावर खुशाल वाद घाला. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. थांबवलीच, तर निदान घरच्या माणसांना सांगा. आम्हा भांड्यांना सांगून काय उपयोग?