सासूबाईंची साक्ष

आमच्या सासूबाईंना एक वाक्य पाठ होईना, आता काय म्हणावं! आठवडाभर मी त्यांच्याकडून घोकून घेत होते, "सून माझी लेकीसारखी काळजी घेते." बस्स, एवढंच बोलायचं होतं.

सगळं त्या साक्षीवर अडलं होतं. नवरा इथला नागरिक, म्हणून लग्नाच्या नात्यानं मी नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. अर्ज तिकडे पडून राहिला आणि इकडे नवरा हार्ट अटॅकनं गेला. आता मी अजूनही त्याच्याच घरची आहे, हे त्याच्या आईनं अधिकाऱ्यांना पटवून द्यायचं, तरच मला इथे राहता येणार. नाहीतर भरा बॅग.

मी हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला आहे. त्या दिवशी रजा टाकली. टेबलापलीकडे अधिकारी बाई, अलीकडे आम्ही दोघी.

"सून कशी वागते तुमच्याशी?" बाईंनी विचारलं.

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि वाक्य गायब! माझ्याकडे बघितलं. मी डोळे मोठे केले, तशा त्या भडकल्याच.

"हे बघा, घरी पण अशीच डोळे वटारते! साखरेचा डबा लपवते, मला डायबेटिस आहे म्हणे. बाथरूमला कडी लावू देत नाही, पडाल म्हणते आणि बाहेर पहारा देत उभी राहते. दिवसभर तिकडे इस्त्री करून हिचं भागत नाही, घरी येऊन माझी शाल पुठ्ठ्यासारखी कडक करते. मुलगा होता तेव्हा त्याच्याकडे गाऱ्हाणं तरी करता यायचं. आता कुणाला सांगू?"

झालं, म्हटलं, म्हातारीनं घात केला.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग हिला परत पाठवायचं का?"

"कुठे?" सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "घर इथे आहे तिचं! घरातलं गाऱ्हाणं सांगितलं म्हणून माणूसच घेऊन जाता की काय?"

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, ते बसमध्ये बसलो तरी सोडलं नाही.

"बिघडवलं का गं मी?" त्यांनी हळूच विचारलं. मला एवढा राग आला होता, पण मोकळ्या हातानं मी त्यांची शाल सारखी केली.

पुढच्या महिन्यात मंजुरी आली. त्या अधिकारी बाईंचं भलं होवो, त्यांना सगळं बरोबर कळलं. सासूबाईंचे उपकार मात्र या जन्मी फिटायचे नाहीत. तसं तोंडावर म्हणायची सोय नाही, लगेच म्हणतील, "पुरे झाली नाटकं."

नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी सकाळी मी माझा कुर्ता इस्त्री करत होते. सासूबाई शाल हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कर बाई पुठ्ठा," म्हणाल्या. "आज चारचौघांत तुझ्या शेजारी बसायचंय."