फ्रान्सचा किनारा, इंग्लंडचा किनारा

"फ्रान्स," नवरा म्हणाला.

"इंग्लंड," बायको म्हणाली.

दोघंही माझ्याकडे बघत होती, एकमेकांकडे नाही. मी पेन खाली ठेवलं. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं टूर्सचं ऑफिस आहे आणि गेली बावीस वर्षं तिथे बसून मी लोकांना जगभर पाठवते. स्वतः गोकर्णाच्या पलीकडे गेलेली नाही, ते सोडा. देशावरून नवरा-बायकोचं वाजणं मला नवीन नाही. ह्याला बर्फ हवा असतो, तिला बाजार हवा असतो, आणि शेवटी दोघं मिळून दुबईला जातात. अशा वेळी मी थोडी चेष्टा करते. वातावरण सैल होतं आणि बुकिंगही होतं.

"काय दादा, दुसरा हनिमून वाटतं? मग पॅरिसच बरं," मी म्हटलं. "वहिनींना टॉवरखाली उभं करा आणि झकास फोटो काढा."

कोणी हसलं नाही. बाई साठीकडे झुकलेली होती, हातांना बर्फामुळे आणि मासळीमुळे भेगा पडलेल्या. नवऱ्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, पण मनगटापासून वर जाळ्याच्या दोरीचे जुने वळ दिसत होते.

"आमचा पोरगा तिकडं गेला," बाई म्हणाली.

"अरे वा. नोकरीला?"

"पान्यात गेला," नवरा म्हणाला.

कुठून अवदसा आठवली आणि तोंड उघडलं असं झालं मला. माझीच मला लाज वाटली. मी पाणी मागवलं, पंखा वाढवला, उगाच दोन कागद इकडचे तिकडे केले. त्यांनी मात्र माझ्या बोलण्याचा राग धरला नव्हता. राग धरायला माणसात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

नवऱ्याचं नाव दादू, बायकोचं मैना. उरणजवळच्या करंज्याचे कोळी. कुंदन एकुलता एक, सव्वीस वर्षांचा, मालवाहू जहाजावर कामाला होता. मागच्या वर्षी एकोणीस नोव्हेंबरला पहाटे तो डेकवरून समुद्रात पडला. जहाज तेव्हा फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधून चाललं होतं. दोन दिवस हेलिकॉप्टर फिरलं. कंपनीने दोन्ही देशांना पत्रं लिहिली आणि दोन्हीकडून एकच उत्तर आलं, सापडला नाही. आता वर्ष भरत आलं होतं. त्या तारखेला तिकडच्या किनाऱ्यावर उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. कंपनीकडून आलेल्या पैशाला मैनाने वर्षभर हात लावू दिला नव्हता. ह्या एका कामासाठी ती तयार झाली होती.

"मग दोन्हीकडे जा ना," मी म्हटलं आणि मलाच आठवलं की ते जमणार नाही. दोन्ही देशांचे व्हिसे वेगळे. पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी जमा होतो, परत यायला चार-पाच आठवडे लागतात. सप्टेंबर संपत आला होता. एकोणीस नोव्हेंबरच्या आत एकच देश होणार होता. मी तसं सांगितलं.

"म्हनून तर बोलतो, फ्रान्स," दादू म्हणाला. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेला नकाशा काढला. दोन देशांच्या मधल्या निळ्या पट्टीत बॉलपेनने फुली मारलेली होती. "हितं पडला. त्याच्यासोबतचा अलिबागचा पोर हाय, त्याने लिवून दिला. वारा उत्तरेचा व्हता, आठ दिस एकसारका. भरतीचा पानी ह्या बाजूला चढतो, सुकतीला मागं जातो, पन वारा मागं जाऊ देत नाय. मानूस हलूहलू खाली सरकतो. हितं लागनार." त्याचं बोट फ्रान्सच्या किनाऱ्यावर एका जागी टेकलं आणि तिथेच राहिलं.

"तुम्हाला इतकं कसं कळतं?" मी विचारलं.

उत्तर मैनाने दिलं, नवऱ्याकडे न बघता. "करंज्यात कोन बुडला का यांना बोलावतात. कुटला दिस, कुटला वेल, वारा कसा, येवडा इचारतात आन सांगतात, परवा सकालला अमुक खडकाला जाऊन बसा. तितंच लागतो."

"चुकलो नाय कदी," दादू म्हणाला. त्यात बढाई नव्हती. दुसऱ्यांची पोरं त्याने किनाऱ्यावरून उचलून आयांच्या हवाली केली होती, आणि स्वतःच्या पोराला मात्र नकाशावर शोधत बसला होता. "वर्स झाला म्याडम. आता काय मिलनार नाय, मना ठाव हाय. पन जिथं लागला आसंल तिथं उबा राहून पानी सोडायचा. दुसऱ्याच्या गावात नाय सोडायचा."

मी फ्रान्सचा फॉर्म काढायला ड्रॉवर ओढला. माझ्या मते विषय मिटला होता. एवढं शहाणपणाचं बोलणं आमच्या ऑफिसात बावीस वर्षांत कोणी केलं नव्हतं.

"यांचा हिशेब मेलेल्या मानसाचा हाय," मैना म्हणाली.

ती शांत होती. पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि नकाशावर तिनेही बोट ठेवलं, वरच्या बाजूला.

"मेलेला मानूस वाऱ्यानं जातो, बाय. जिता मानूस दिवा दिसंल तिकडं जातो. कुंदन पाच वरसाचा व्हता तवापासून पोवतो. आन त्याला विंग्रजी येतो. फ्रेंच नाय येत. पान्यातून वर आलेला पोरगा कुटं जाईल? ज्याला आपला बोलना कलल तितं जाईल का न्हाय?"

मी दादूकडे पाहिलं. तो नकाशाची घडी घालत होता आणि घडी नीट बसत नव्हती. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. दोघं देश निवडत नव्हतीच. फ्रान्स म्हटलं की पोरगा मेला आणि इंग्लंड म्हटलं की पोरगा आहे. आणि मी त्यांना टॉवरखाली उभं करत होते.

"सोमवारी या," मी म्हटलं. "तोवर ठरवा."

दादू सोमवारची वाट बघत थांबला नाही. गुरुवारीच एकटा आला, मैना पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसली होती तेव्हा. खुर्चीत बसायला तयार नव्हता, दोन वेळा सांगितल्यावर टेकला.

"म्याडम, तिला सांगा इंग्लंडचा बंद हाय."

"बंद कसं सांगू? चालू आहे की."

"तुमी सांगितला तर ती मानंल. माजा नाय मानत." तो खाली बघत बोलत होता. "रोज त्याच्या वाटचा भात काढते. सकालला कावल्याला पन नाय टाकत, स्वता खाते. त्याच्या नंबरवर दर म्हैन्याला रिचार्ज मारते. फोन तर पोरासंगं पान्यात गेला. मी बोल्लो, कशाला मारते, तर बोलते, नंबर दुसऱ्याला दिला तर? एकदा तिनं तिच्या हातानं पानी सोडला ना, म्हंजे निजंल तरी. मना माजा नाय काय. मी काय, दर्यातला मानूस. ती वरीसभर निजली नाय."

खोटं बोलायला मी काही सोवळी नाही. सीट संपत आल्या, आजच भाव आहे, उद्या वाढेल, हे मी दिवसातून दहादा म्हणते. पण हे खोटं मला जड वाटलं. तरी त्याच्या तोंडाकडे बघून मी हो म्हटलं. त्याने दोन्ही हात जोडले आणि जिना उतरून गेला. दुपारी डबा उघडला तर त्यात सुरमई होती. मी तशीच झाकण लावून ठेवली.

सोमवारी दोघं आली. मैनाने नवी साडी नेसली होती, पासपोर्टच्या ऑफिसात जायचं असावं तशी. दोन्ही पासपोर्ट तिने रुमालातून काढून माझ्यापुढे ठेवले. कुंदननेच ते काढून दिले होते, एकदा तुम्हाला सिंगापूर दाखवतो म्हणून. आतली पानं कोरी होती.

मी घसा साफ केला. "वहिनी, इंग्लंडचं जमत नाहीये. सध्या तिकडचे व्हिसे थांबवलेत. फ्रान्सचं होईल."

मला वाटलं होतं ती भांडेल. मासळीबाजारातली बाई, भावावरून गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धरणारी. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. पण ती पासपोर्टांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरा."

दादूने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"पन मंग त्याला कोन सांगनार?" मैनाने विचारलं. प्रश्न मला होता. खरोखरचा प्रश्न होता, अडचण विचारतात तसा. "तो तितं बसला आसंल. आईबाप दुसऱ्याच गावाला उतरले, ह्ये त्याला कोन सांगनार, बाय?"

मी दादूकडे बघितलं नाही. मला ते धाडस झालं नाही. खाली एसटीचा कंडक्टर पेण, पेण म्हणून ओरडत होता.

"चालू हाय," दादू म्हणाला.

मैनाने मान वळवली.

"इंग्लंडचा चालू हाय. म्याडमना मीच सांगितला, खोटा बोला." तो टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता. "म्याडम, तिचा देश करा. तितंच जाऊ आमी."

मैना त्याच्यावर ओरडली नाही. त्याच्या शर्टाची बाही दुमडलेली होती ती तिने खाली ओढून सरळ केली, बटण लावलं. संसार पस्तीस वर्षांचा होता, तेवढ्यात सगळं बोलून झालं असावं.

मी कामाला लागले, नाहीतर तिथेच रडले असते. खरा अर्ज इंग्रजीत असतो आणि कॉम्प्युटरवर भरायचा असतो. त्याआधी आम्ही आमचा मराठीतला साधा कागद भरून घेतो, मीच तयार केलेला. नाव, गाव, जन्मतारीख झाली. मग प्रवासाचं कारण. त्यापुढे चार चौकोन आहेत. फिरायला, धंद्यासाठी, शिकायला, नातेवाइकांना भेटायला. मी सवयीने पहिल्या चौकोनावर पेन टेकवलं.

"थांब बाय," मैना म्हणाली. चौथीपर्यंत शिकलेली होती. कागद तिने स्वतःकडे ओढला आणि एकेक अक्षर लावत चारही ओळी वाचल्या. मग शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. "आमी फिराला नाय चाललो. ह्यो कर. नातेवाईकाला भेटाला."

"वहिनी, त्याला पत्ता लागतो. ज्याला भेटायचं त्याचा."

तिने बोट काढलं नाही.

"पत्ता आसता तर तुज्याकडं कशाला आले आसते गो?"

मी पहिल्या चौकोनात बरोबरची खूण केली. दुसरं काय करणार होते? दहा दिवसांची सहल. एक रात्र लंडन, बाकीच्या रात्री त्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात, जिथे नोव्हेंबरमध्ये चिटपाखरूही फिरकत नाही. काय काय बघणार, तेही लिहावं लागतं. मी समुद्र लिहिलं, धक्का लिहिला, दीपगृह लिहिलं. कॉम्प्युटरवर तिकडचं हवामान उघडून किती गरम कपडे लागतील ते बघत होते, तेवढ्यात मैना पुढे वाकली.

"तिकडला पानी थंड आसतो काय गो?"

पडद्यावर आकडा होता. त्या पाण्यात माणूस किती वेळ टिकतो, हे मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. मी दादूकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. वर्षभर त्याने वारा मोजला होता, भरती मोजली होती, हे मोजायचं कसं राहील?

"नाय," दादू कागदावरून नजर न उचलता म्हणाला. "आपल्यासारकाच हाय. कोमट."

मैनाने मान डोलावली आणि सही करायला माझ्याकडे पेन मागितलं.