मधल्या बाकाची पाळी

मित्रांनो, संसदेच्या सभागृहात डावीकडे एक बाजू बसायची, उजवीकडे दुसरी आणि दोघांच्या मधोमध मी, एक जुना लाकडी बाक. दोन्हीकडून कुणालाही येऊन टेकता यावं म्हणून सुताराने माझ्या टोकांना मुद्दाम हात बसवले नाहीत.

माझ्यावर मधला गट बसे. जुन्या वळणाची, पण समजूतदार माणसं. जुनं उगाच मोडू नये आणि नवं उगाच अडवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंचं ऐकून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी त्यांची रीत. कुणी चुळबुळ केली की म्होरके म्हणत, "थांबा, आधी त्यांचं होऊ द्या." म्हणून त्यांचं नावच थांबाकाका पडलं. या रीतीने कितीतरी भांडणं मिटली. एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं माझ्यावर बसून हळू आवाजात बोलत. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

मग लहान गावांतल्या शाळांचा प्रश्न आला. एका बाजूला त्या बंद करून मोठ्या शाळा काढायच्या होत्या, दुसरीला काहीच बदलायचं नव्हतं. काकांनी तोडगा काढला: चौथीपर्यंतची मुलं गावातच शिकतील, मोठी बसने जातील. मला रोज पुसणाऱ्या मावशी जवळच्या एका लहान गावातून येत; त्यांची नात तिथल्या अशाच एका शाळेत दुसरीत होती.

"साहेब, आमची शाळा राहील ना?"

"राहील हो मावशी. उद्या बोलतो मी."

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू बोलत सुटल्या. काकांची रीत त्यांना पक्की ठाऊक होती, आणि हरलो तरी चालेल पण मधल्यांना श्रेय नको, असं दोघांनाही वाटत होतं. एक खाली बसला की दुसरा उठे.

"काका, उठा आता," शेजारचा कुजबुजला.

"थांबा."

मी नुसता करकरलो. लाकडाने आणखी काय करावं? शेवटी काका उठले, तोच अध्यक्षांनी घंटा वाजवली. चर्चेची वेळ संपली होती. मतदानाला गटातले काही डावीकडे गेले, काही उजवीकडे. शाळा बंद करायचं ठरलं.

"साहेब, तुम्ही बोललाच नाहीत?" मावशींनी हातातलं फडकं तसंच धरून विचारलं.

"पाळीच आली नाही," काका म्हणाले.

आता तो गट उरला नाही. मला बाहेर व्हरांड्यात काढलंय. मित्रांनो, तुमच्या भांडणात मध्ये बसून ऐकून घेणारं कुणी असेल, तर त्याला जपा. त्याला वेळेवर बोलूही द्या.

मोठी शाळा लांब आहे आणि नातीला नेणारं घरी कुणी नाही, म्हणून मावशी तिला कामावर आणतात. ती माझ्यावर बसून पाय हलवत राहते.

"आजी, मी शाळेत कधी जायचं?"

मावशी लादी पुसता पुसता म्हणतात, "थांब."