दुखवट्याच्या घरी जाणारं स्टूल

मित्रांनो, माझ्यावर बसून कुणी खळखळून हसल्याचं मला आठवत नाही. लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्या बघा. त्यांच्या अंगावर गुलाबजामाचा पाक सांडतो, मुलं त्यांच्याभोवती पकडापकडी खेळतात. माझ्या वाट्याला आलं ते रडणं, आणि रडण्यापेक्षाही जास्त, गप्प बसणं. तक्रार करत नाही हो. पण माझी चौकशी कधी कुणी केली नाही, म्हणून आज माझं मीच सांगतो.

मी घडीचं स्टूल आहे. चार लोखंडी पाय आणि वर जाड निळ्या कापडाची बैठक. निळा रंग आता सांगायपुरताच उरलाय. मुलुंडच्या एका छोट्या गाळ्यात माझा जन्म झाला. तिथे दिवसभर नळ्या कापायच्या, वाकवायच्या, जोडायच्या, रंगवायच्या. माझ्याबरोबरची भावंडं नशीबवान निघाली. कुणी सहलीला गेलं, कुणी गळ टाकणाऱ्यांबरोबर खाडीवर गेलं, एक तर म्हणे थेट महाबळेश्वरला पोचलं. मी मुलुंड स्टेशनबाहेरच्या दुकानात टांगलेला होतो. तिथून मला अनुपमाताईंनी उचललं.

अनुपमाताईंचं काम ऐकाल तर तुम्हीही क्षणभर गप्प व्हाल. ज्या घरात मरण झालंय त्या घरी जायचं आणि विचारायचं, माणूस कशानं गेला. काही महिने उलटले की जायचं, म्हणजे घरच्यांना बोलवतं. आपल्याकडे कितीतरी माणसं घरातच जातात, शेवटी नीट तपासणारं कुणी नसतं. कागदावर लिहिलं जातं, 'हृदय बंद पडल्याने मृत्यू'. आता मला सांगा, हृदय कुणाचं बंद पडत नाही? पंखा का बंद पडला म्हणून विचारलं आणि 'फिरायचा थांबला म्हणून' असं उत्तर आलं, तर तुम्ही वायरमनला दोन शब्द सुनावाल की नाही? क्षयानं किती गेले, साखरेनं किती, कर्करोगानं किती, हे कळल्याशिवाय औषधं कुठे पाठवायची, डॉक्टर कुठे नेमायचे, हे सरकारला तरी कसं कळणार? म्हणून ताई घरोघर जायच्या. टॅबवरचे प्रश्न एकेक करून विचारायच्या. ताप होता का? खोकला होता का? वजन उतरलं होतं का? गिळायला त्रास होत होता का, आधी भाकरीचा की पाण्याचाही? ती उत्तरं मग दोन डॉक्टर वेगवेगळी वाचायचे आणि मरणाचं कारण ठरवायचे.

आणि मी कशाला? तर त्यालाही कारण आहे. कामाला लागल्या लागल्या ताई भांडुपच्या एका घरात गेल्या होत्या. दहा बाय दहाची खोली. त्यात एकच खुर्ची, ती रिकामी दिसली म्हणून त्या बसल्या. घरातली म्हातारी ताडकन उठली, आतल्या पडद्यामागे गेली, ती बाहेर आलीच नाही. खुर्ची गेलेल्या माणसाची होती. त्या घरानं ती अजून कुणालाच दिली नव्हती. ताईंना इतकं लागलं, की दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विकत घेतलं. त्यांच्याबरोबर काम करणारा नितेश म्हणाला, "काय मॅडम, पिकनिकला चाललात?" ताई नुसत्या हसल्या. पण पुढे कुणाच्याही घरात त्या दुसऱ्या कशावर बसल्या नाहीत.

असा मी हिंडलो. घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळी चढलो, बोरिवलीच्या सातव्या मजल्यावर गेलो. अंधेरीच्या गावठाणात रेमंड नावाचे एक म्हातारे होते. त्यांनी बायकोच्या आजाराची सगळी उत्तरं दिली आणि मग ताईंना जाऊच देईनात. चहा झाला, केक झाला, बागेतली झाडं दाखवून झाली. बोलायला घरात माणूसच नव्हतं त्यांना. ताई पुढचं घर रद्द करून बसून राहिल्या. एकटं असणं काय असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

कारण ऐका. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, आणि घरचेही 'पुन्हा या' म्हणत नाहीत. मरण होऊन महिने लोटले तरी ताई ही रीत पाळायच्या. गुपचूप उठायच्या, मला मिटायच्या, चपला घालायच्या. रोज तेच. शेजारणी हळदीकुंकवाला ताईंना बोलवायच्या खऱ्या, पण तिथेही विषय निघायचा, आज कुणाच्या घरी गेला होतात? मग सगळ्या जणी आपापल्या बांगड्या बघत बसायच्या. ताईंनी हळूहळू जाणंच सोडलं.

घरी होते फक्त अनंतराव, ताईंचे मिस्टर. मूल नव्हतं. भांडुपच्या कंपनीतून निवृत्त झालेला, मालवणकडचा माणूस, आणि माशांचा असा भोक्ता, की बाजारात बांगडा बघितला की कोळणीशी नातं जोडायचे. मी मुलुंडच्या त्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला टेकून उभा असायचो. पूर्वी ते ताईंना दिवसभराच्या गप्पा सांगायचे, मलाही ऐकायला बरं वाटायचं. मग त्यांचं बोलणं कमी होत गेलं. वयानं होतं असं, ताईंना वाटलं.

आधी त्यांनी मासे सोडले. म्हणाले, आताशा काटे लागतात. श्रावण आला, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. श्रावण संपला, गणपती झाले, तरी माशाचं नाव नाही. उलट त्यांनी सोमवार धरला. मग गुरुवार. मग शनिवार. उपासाला काय, तर दुधात कुस्करलेलं केळं, नाहीतर साबुदाण्याची पातळ खीर. ज्यांनी उभ्या जन्मात एकादशी केली नाही, ते आता इतके सोवळे झाले! ताई खूश. जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या, "हे देवाधर्माला लागलेत बघा."

मित्रांनो, मला मात्र धडकी भरली होती. मी काही शिकलेला नाही. पण ताईंचे प्रश्न इतक्या घरांत ऐकले होते, की झोपेतही म्हणून दाखवले असते. एका रविवारी ताई बाजारात गेल्या. अनंतरावांनी डब्यातून चपातीचा तुकडा काढला, उभ्या उभ्या तोंडात टाकला, वरून पाणी प्यायले. घास उतरेना. छातीवर मूठ धरून ते बेसिनपाशी वाकले, घास थुंकला आणि त्यावर नळ सोडून दिला. तोंड पुसून खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. ताई आल्या तेव्हा म्हणाले, "आज भूक नाही गं."

मला ओरडावंसं वाटलं. अहो ताई, 'गिळायला त्रास होत होता का', हे तुम्ही रोज विचारता ना, मग इथे विचारा की! पण मी पडलो स्टूल. पडणं एवढंच माझ्या हाती होतं. एकदा अनंतराव असेच बेसिनपाशी वाकले असताना मी भिंतीवरून सरकलो आणि धाडकन आपटलो. ताई धावत आल्या. त्यांनी अनंतरावांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "मेल्याचे पाय ढिले झालेत," म्हणाल्या आणि मला दाराबाहेर चपलांशेजारी ठेवलं. त्या दिवसाइतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. दारापलीकडे काय चाललंय ते ठाऊक होतं, आणि मी बाहेर.

मग घाटकोपरच्या डोंगरावरचं ते घर आलं. तिथल्या जान्हवीचा नवरा, निलेश, रिक्षा चालवायचा. पन्नाशीही गाठली नव्हती. कागदावर नेहमीचंच, हृदय बंद पडलं. जान्हवी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या शेजारी सासू. ताईंनी मला उघडलं, बसल्या, विचारायला लागल्या. वजन उतरलं होतं, जान्हवी म्हणाली, पण रिक्षाच्या धंद्यात उन्हातान्हानं उतरतंच. गिळायला त्रास? तसं काही बोलले नाहीत. म्हातारीनं लेकाच्या आठवणीनं पदर डोळ्याला लावला. "माका काय सांगूक नाय झिलान," ती म्हणाली.

ताई पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात जान्हवीला काहीतरी आठवलं.

"ते उपास करायला लागले होते, ताई. सोमवार, गुरुवार, शनिवार. मी म्हटलं, बरं झालं, देवाला लागले."

ताईंचं बोट टॅबवर जिथल्या तिथे थांबलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो टॅबवर नव्हताच.

"आणि मासे?"

"मासे तर त्याआधीच सोडले. काटे लागतात म्हणाले."

ताई उठल्या. अशा उठल्या, की मी उलटा पडलो. दारातच त्यांनी फोन लावला. पलीकडून 'हॅलो' आलं असावं. ताई म्हणाल्या, "अहो, आज सकाळपासून तुमच्या पोटात काय गेलंय? खरं सांगा." फोन कानाला धरूनच ताईंनी वाट उतरायला सुरुवात केली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

मी तिथेच राहिलो. जान्हवीनं मला उचलून कोपऱ्यात ठेवलं. 'ताई येतील न्यायला,' ती सासूला म्हणाली. दिवस गेले, आठवडे गेले. म्हातारी माझ्यावर कधी पाण्याची कळशी ठेवायची, कधी गुडघे दुखले की स्वतः बसायची. दारात पाऊल वाजलं की मला वाटायचं, आल्या. पण यायचा तो दूधवाला, नाहीतर लाइटचं बिल देणारा. अनंतरावांचं काय झालं, हे मी कुणाला विचारणार? आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची उत्तरं ऐकली, आणि जे एकच हवं होतं ते कुणी देईना. त्या कोपऱ्यात मी फार झुरलो.

शेवटी एका दुपारी ताई आल्या. वाळल्या होत्या, केसांना रंग लावलेला नव्हता. माझ्याकडे आल्या नाहीत. सरळ जान्हवीसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, राहिलेले प्रश्न पुरे करायचेत. निलेशचं मरण हिशेबात यायला हवं, ते 'हृदय बंद' म्हणून वाहून जाता कामा नये. दोघींनी मिळून सगळं पुरं केलं. टॅब बंद झाला. आता ताई गुपचूप उठणार, मला माहीत होतं. पण जान्हवीनं त्यांचा हात धरला.

"ताई, तुमच्या घरी कुणाला होतं?"

इतकी वर्षं ताई विचारत आल्या होत्या. दुखवट्याच्या घरात त्यांना कुणी काही विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मिस्टरांना. अन्ननलिकेत गाठ आहे. पोटात नळी घातलीय, केमो चालू आहे. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही."

जान्हवी हात सोडेना. मग ताई पुढचं बोलल्या, खाली बघून.

"मी त्यांना विचारलं, मला सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, तू रोज मेलेल्यांच्या घरून दमून येतेस. म्हटलं, निदान घरी तरी हा विषय नको."

आणि ताई रडल्या. दुसऱ्यांची रडणी त्यांनी किती ऐकली होती, पण स्वतः कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. सासू सरकत सरकत आली आणि तिनं ताईंच्या पाठीवर हात ठेवला. तिघी बायका जमिनीवर, आणि मी रिकामा. त्या घरात त्या वेळी माझी कुणालाच गरज नव्हती, आणि मित्रांनो, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

जाताना ताईंनी मला म्हाताऱ्या सासूसाठी ठेवून दिलं. त्यांनी रजा घेतलीय, अनंतरावांचं सगळं त्याच करतात. आता नितेश घरोघर जातो. मी या डोंगरावर असतो. ताईंची आठवण येते. अनंतरावांना आज किती पेज गेली असेल, याचा विचार करत बसतो. मोजणारे मोजतील, त्यांचं काम फार मोलाचं आहे. पण ते मोजायला येतात तेव्हा माणूस गेलेला असतो. तुमच्या घरातलं माणूस अजून तुमच्यासमोर पानावर बसतंय. त्याचा घास मागे राहू लागला, त्याचे उपास वाढू लागले, पट्ट्याला नवं भोक पडलं, तर कौतुक करू नका, गृहीत धरू नका. जवळ बसा आणि विचारा. 'काही नाही' हे पहिलं उत्तर असतं. खरं उत्तर येईपर्यंत उठू नका.