सासऱ्याचं नाव

बेर्मेतच्या सुईपुढे पायजमा खाली केला नाही, असा पुरुष नारीन शहराजवळच्या त्या गावात शोधून सापडला नसता. दवाखान्यातली एकुलती नर्स ती. पण घरात सासऱ्यांपुढे मान खाली. त्यांचं नावही सुनेनं घ्यायचं नाही.

बिश्केकच्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या जांघेतून नळी घालून हृदयात स्टेंट बसवला होता. घरी आल्यावर पाचव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरली.

"आई, टोचलेली जागा एकदा बघू द्या," बेर्मेत म्हणाली.

"सासऱ्याच्या जांघेत डोकावणार?" सासू साकिश फणकारली. "गावाचं बघून पोट भरलं नाही वाटतं!"

"मग नारीनला तरी नेऊ. पू रक्तात जाईल हो!"

"रविवारी अख्खं गाव त्यांना बघायला येतंय, मेंढा कापायचा ठरलाय. आजारी माणूस दाखवू? मी मेंढ्याच्या शेपटीची चरबी बांधलीय, ताप उतरेल."

उघड्या जखमेवर चरबी! बेर्मेतनं रशियात कामाला असलेल्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आई सांगते तसं कर. धन्य तो पुत्र.

रविवारी म्हाताऱ्याला उशांच्या टेकूनं बसवलं. "चेहऱ्यावर काय लाली आलीय!" पाहुणे मटण चापत म्हणाले. बेर्मेत चहा ओतत होती. चहाची वाटी परत देताना सासऱ्यांचा हात तिला लागला, तो तव्यासारखा तापला होता.

"पोरी," ते पुटपुटले, "तिथं गाठ आलीय. नाडीसारखी उडतेय."

रक्तवाहिनीच सडली होती, कधीही फुटेल. किटली खाली आपटून बेर्मेत ओरडली, "मामीरकुलना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!"

घास तोंडात तसेच राहिले. म्हातारा मरतोय हे कुणाच्या कानात शिरलंच नाही.

"नाव घेतलं!" एक बाई किंचाळली. "सासऱ्याचं नाव घेतलं!"

साकिशनं बेर्मेतला दंडाला धरून सामानाच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. नंतर पाहुण्यांची माफी मागण्यात दुपार गेली. कडी काढली तेव्हा म्हाताऱ्याची गादी रक्तानं भिजली होती. बेर्मेत दोन्ही मुठींनी त्यांची जांघ दाबून गाडीत बसली, नारीन येईपर्यंत हात काढला नाही. मुठींखालची नाडी अर्ध्या वाटेतच थांबली होती.

"इतके दिवस ताप, आणि घरात कुणालाच कळलं नाही?" डॉक्टर संतापले.

साकिशनं डोळे पुसले. "कळायला नर्स आहे की घरात, ही काय माझी सून. पण एका शब्दानं बोलली नाही हो."

बेर्मेतनं तोंड उघडलं. साकिशनं तिच्या डोक्यावरचा रुमाल मायेनं पुढे ओढला आणि हळूच म्हणाली, "परक्यांपुढे सासूला उलटून बोलू नये."