फोटोत तिसरा कोण?

मित्रांनो, जरा सरकून बसा, कारण मला पूर्ण उलगडायला अख्खी भिंत लागते. मी चंद्राचा जुना पॅनोरमा, म्हणजे एकाला एक फोटो जोडून केलेली लांबलचक पट्टी. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण तोरा अजून पूर्वीचाच आहे. का नसावा? माझ्यात दिसणाऱ्या जमिनीवर माणसं खरोखर चालली आहेत!

माझा जन्म कसा झाला ते ऐका. अपोलो मोहिमेतला एक अंतराळवीर चंद्रावर उभा होता. कॅमेरा त्याच्या छातीवर बसवलेला होता, कारण त्या जाडजूड पोशाखात तो डोळ्याला लावायची सोयच नव्हती. तो एक फोटो काढी, थोडा वळे आणि पुन्हा एक काढी. आधीच्या फोटोतला थोडा भाग पुढच्यात यावा, एवढं मात्र तो सांभाळी. असं करत त्याने जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घेतली. पुढे त्या फोटोंच्या प्रती कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत आल्या. तिथल्या नीना नावाच्या शिक्षिकेने टेकडीला टेकडी आणि दगडाला दगड जुळवत त्या एका जाड कापडावर चिकटवल्या.

शाळेच्या व्हरांड्यात माझं फार कौतुक झालं. मुलं मला बघता बघता वर्गात जायला उशीर करत आणि बोलणी खात. मग नीनाबाई निवृत्त झाल्या, शाळेत कॉम्प्युटर आले आणि मला गुंडाळून व्यायामाच्या गाद्यांमागे टाकलं गेलं. गाद्यांना निदान मुलांचे पाय तरी लागत. माझी कुणी विचारपूससुद्धा केली नाही.

शेवटी शाळेने जुनं सामान काढलं, तेव्हा उपासना मला घरी घेऊन आली. ती मूळची नागपूरची, आता सांता क्लाराच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. तिने मला जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि मऊ कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं.

बाबासाहेबांच्या जयंतीला मुलांसाठी विज्ञान प्रदर्शन भरवायची तिच्या मंडळाची पद्धत आहे. माणसं पुन्हा चंद्राकडे निघालीत, म्हणून यंदाचा विषय चंद्र होता. मला हॉलमध्ये स्टेजच्या अगदी शेजारी लावलं. मी छाती फुगवून पाहुण्यांची वाट बघत होतो, तेवढ्यात उपासनाची मुलगी रुही माझ्यासमोर थबकली.

"मम्मी, वेट! मूनवर एका वेळी दोघंच उतरायचे ना? तिसरा तर वर यानात थांबायचा. मग इथे एक ॲस्ट्रोनॉट आहे, तिथे अजून एक आहे. देन फोटो कोणी काढला?"

कार्यक्रमाचे प्रमुख धर्मराज काका लगबगीने आले. गेल्या वर्षी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी एक खोटा फोटो टाकला होता आणि लोकांनी त्यांची भरपूर टर उडवली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

"उपासना, हे फेक आहे," काका म्हणाले. "बाबासाहेबांच्या फोटोशेजारी खोटं काही नको. काढ ते आणि रिसायकलमध्ये टाक."

उपासना माझ्या पिना काढू लागली. मित्रांनो, मी घाबरलो. कचऱ्यात जायची भीती होतीच, पण खोटा ठरून जायचं दुःख जास्त होतं. उत्तर मला ठाऊक होतं, पण कागदाला कुठे तोंड असतं?

अर्ध्या पिना निघाल्यावर उपासना थांबली.

"काका, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा, ही बुद्धांची शिकवण आपणच मुलांना देतो ना? मग हा फोटो खरा आहे असंही मी मानणार नाही आणि फेक आहे असंही नाही. आधी चेक करते."

"कर. पण पाहुणे यायच्या आत."

तिने फोन छातीशी धरला, हॉलच्या मधोमध उभी राहिली, एक फोटो काढला, थोडी वळली, पुन्हा काढला. असं करत ती पुरती फिरली. मग सगळे फोटो लॅपटॉपवर एकाला एक जोडले.

"ओ माय गॉड!" रुही ओरडली. "टू शरयू काकू!"

खरंच की! डावीकडे मंडळातल्या शरयू काकू खिरीचं पातेलं मांडत होत्या आणि उजवीकडे, स्टेजजवळ, त्याच काकू मेणबत्त्या लावत होत्या. उपासना वळेपर्यंत त्यांनी हॉल ओलांडला होता.

"दोन असते तर काय हवं होतं!" काकू म्हणाल्या. "कामं तरी वाटून घेतली असती."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? चंद्रावरही हेच झालं होतं. एक जण गोल फिरत फोटो काढत होता आणि त्याचा सोबती तेवढ्या वेळात काम करत दुसऱ्या बाजूला गेला होता. माझ्या एका फोटोत जमिनीवर फोटो काढणाऱ्याची लांब सावलीसुद्धा आहे. रुहीने तीही शोधली.

मग धर्मराज काकांनी खुर्चीवर चढून माझ्या पिना स्वतः पुन्हा लावल्या आणि खाली एक पाटी चिकटवली: "या फोटोत एक माणूस दोनदा आहे आणि एक दिसतच नाही. कसं? शोधा!" दिवसभर मुलं माझ्यासमोरून हलेनात.

मित्रांनो, जुन्या वस्तू उन्हापासून आणि ओलीपासून जपा, त्यांच्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. त्यांच्याविषयी शंका आली तर खुशाल घ्या, फक्त तपासायचे कष्टही घ्या. मला शंकेचा राग नाही. रुहीने तो प्रश्न विचारला नसता, तर मी आरामात भिंतीवर लटकत राहिलो असतो, आणि माझ्याकडे कुणी नीट पाहिलंच नसतं.