कोपरा फाटलेलं कार्ड

गल्लीच्या तोंडाशी कलाबाई पदर तोंडाला लावून उभी दिसली. हातातली भाजीची पिशवी रुखमानं तिथंच खाली ठेवली.

"काय झालं बाई?"

शेजारणीनं पोस्टकार्ड पुढे केलं. त्याचा एक कोपरा फाटलेला होता.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे काय, हे रुखमाला कुणी सांगायला नको होतं. तिच्या लहानपणी असं कार्ड घरात न्यायचे नाहीत. अंगणातच वाचायचे आणि तिथंच फाडून टाकायचे. लग्नाचं असलं तर कोपऱ्याला हळद, मरणाचं असलं तर कोपरा फाटका. वाचता न येणाऱ्यालाही कार्ड हातात घेताच कळायचं, हसायचं की रडायचं.

"पोंभुर्ण्याचा शिक्का हाये," कलाबाई मुसमुसली. "पोस्टमननं नाई वाचलं, मी बी नाई. माह्या जिवानं धीरच नाई केला. किती चांगला मानूस होता ओ!"

पोंभुर्ण्याहून कार्ड पाठवणारा एकच माणूस होता, देवराव. एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. रुखमा गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हा रोज त्याच्याच गाडीनं ड्युटीवर यायची. पुढे तिचा नवरा वारला, काही वर्षांनी देवरावचीही बायको गेली. नोकरीभर इंजिनाशेजारी बसून त्याचे कानही गेले. फोनवर "आँ? आँ?" यापलीकडे बोलणं सरकेना. त्याच्या मुलानं, अश्विननं, व्हॉट्सअ‍ॅप शिकवून पाहिलं. "ते वर सरकून जाते, कार्ड खिशात राह्यते," असं म्हणून देवराव पोस्टातून कार्डांचा गठ्ठाच घेऊन आला.

तेव्हापासून दर आठवड्याला त्याचं कार्ड यायचं, आणि रुखमाचं उत्तर 'देवराव भाऊ,' असं सुरू व्हायचं. मोहाची फुलं पडायला लागली, वाघ तळ्यावर पाणी पिऊन गेला, वांग्याची भाजी करपली. कार्ड उघडंच, त्यामुळे आधी पोस्टमन वाचायचा, मग कलाबाई, मग अख्खी गल्ली. रुखमाच्या हाती येईपर्यंत तिला मजकूर ऐकूनच पाठ झालेला असायचा.

ती पायरीवर बसली. दवाखान्यात तिनं कितीतरी मरणं पाहिली होती, कितीतरी घरच्यांना ती खबर स्वतः सांगितली होती. आज मात्र कार्ड उलटायच्या आधीच डोळे भरले. डोळे पुसत तिनं ते उलटलं आणि थबकली.

अक्षर देवरावचंच होतं, वळणावर गाडी कलावी तसं एका बाजूला कललेलं.

"कलाबाई, गेलेला मानूस आपल्या मरनाची खबर आपल्याच हातानं कसा लिहीन ओ?"

कलाबाईचं रडणं मध्येच थांबलं. "वाचा, वाचा लवकर!"

'रुखमाबाईले देवरावचा जय भीम. या कार्डाचा कोपरा शेळीनं खाल्ला, गैरसमज करू नका. गठ्ठा संपला, घरात दुसरं कार्ड नव्हतं. लिहाचं असं की तुमी तिकडं एकट्या जेवता, मी इकडं एकटा जेवतो. आपन एकाच घरात जेवावं असा विचार करून राह्यलो. अश्विनले विचारलं, तो हो म्हनते. तुमचं हो असन तर पुढच्या कार्डात मले 'भाऊ' लिहू नका. नाई असन तर लिहा, मी वाईट मानत नाई.'

कलाबाई खो खो हसत सुटली. जन्मात एकदाच कार्ड न वाचता दिलं, आणि नेमकं हेच! तिनं उशीर भरून काढला. संध्याकाळपर्यंत गल्लीत एक घर सुटलं नाही.

रुखमाला मात्र आता संताप आला. तिनं नागभीडला मुलीला, रश्मीला, फोन लावला.

"आई, तुले नाई म्हनाचं हाये का?"

"तसं नाई गं."

"मंग रागावली काऊन?"

तिनं फोनच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच रुखमा बसमध्ये बसली, मूल गावी गाडी बदलली आणि पोंभुर्ण्याला देवरावच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तो शेळीला पाला टाकत होता.

"पाकीट नाई भेटलं तुमाले? असं कोनी कार्डावर लिहिते का?"

"आँ?"

तिनं आवाज चढवला. दोन्ही बाजूंची दारं उघडली. शेजारची गुणाबाई कुंपणावरून म्हणाली, "उजव्या कानाकडून बोला बाई, तिकडून ऐकू येते त्याइले."

रुखमानं उजवीकडून पुन्हा सगळं सुनावलं. देवरावनं हातातला पाला खाली ठेवला.

"पाकिटात लपवाचं काय हाये? मी का चोरी करून राह्यलो?"

रुखमानं खांद्यावरची पिशवी ओट्यावर ठेवली. एवढा वेळ जमवलेला राग कुठं गेला, तिलाच कळेना.

"तुमचे डोळे सुजले," तो तिच्याकडे पाहत म्हणाला. "रडल्या का?"

"नाई. धूळ गेली."

"आँ?"

"धूळ! धूळ!"

गुणाबाई हसली. देवरावनं घरात जाऊन नव्या गठ्ठ्यातलं कोरं कार्ड आणि पेन आणलं. "उत्तर लेखी द्या. मंग कोनी म्हनू नये, बुढ्यानं भलतंच ऐकलं."

रुखमा ओट्यावर बसली. 'देवराव' एवढं लिहून पेन थांबलं. शेजारी कुंपणाशी गोळा झाले होते. देवरावचं कार्ड पोंभुर्ण्याच्या पोस्टात पडलं, त्याच दिवशी इथंही गावभर झालं होतं. तिनं पुढे स्वल्पविराम दिला आणि खाली लिहिलं, 'स्वयंपाक आळीपाळीनं.'

देवरावचा चष्मा घरातच राहिला होता. कार्ड लांब धरून तो डोळे बारीक करू लागला, तर गुणाबाईनंच मान घालून वाचलं आणि ओरडली, "भाऊ नाई लिहिलं ओ! भाऊ नाई लिहिलं!"

देवराव ओट्यावर बसला, पुन्हा उठला, आणि काही न सुचून शेळीलाच पाणी ठेवायला गेला.

पावसाळ्याआधी बुद्धविहारात लग्न झालं आणि रुखमा पोंभुर्ण्याला राहायला आली. महिन्याभरात कलाबाईचा फोन आला, आवाजात रुसवा. "तुमचं तं जमलं. मी इथी दुपारी दाराशी बसून राह्यते, पोस्टमन सायकल थांबवतच नाई. आता वाचू काय?"

त्याच दिवशी तिला कार्ड गेलं. वरचा अर्धा भाग रुखमाचा, खालचा देवरावचा. परसात तूर लावायची की टमाटे, यावर दोघांचं जुंपलेलं होतं. मजकुराची जागा संपली, तसं भांडण पत्त्याच्या बाजूला वळलं होतं आणि कलाबाईचं नाव कसंबसं कोपऱ्यात मावलं होतं.